सहा माणसांचं गाव

यशू,

तू गेलास म्हणून तुझंच खरं होतं, असं मी म्हणणार नाही. ऑफिसात सध्या सगळे तेच म्हणतायत. तुझ्या मीटिंगमध्ये फोन चाळत बसणारी माणसं आता 'यशवंत काळाच्या पुढे होता' म्हणून डोळे पुसतात. शोकसभा कँटीनमध्ये झाली. टेबलावर तुझा फोटो, त्याला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा हार. आपल्या स्टुडिओचा प्रमुख विनय बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, जगातला सगळ्यात मोठा गेम उभा राहावा म्हणून यशवंतने आपलं आयुष्य दिलं.

मी मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "हे खोटं आहे. त्याला मोठा गेम नकोच होता."

शेजारच्या बाईने हात ओढून मला खाली बसवलं. बाहेर पडताना दोघंतिघं समजूत घालायला आले, "दुःखात माणूस काहीही बोलतो, शालिनी. बिडु, सोडून दे." मी दुःखात नव्हते बोलले. रागात बोलले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

दुसरं खोटंही इथेच खोडून टाकते. कामाने तुला मारलं, असं बाहेर बोललं जातंय. कामाने नाही मारलं. सहा वाजले की अर्धवट वाक्य सोडून घरी जाणारा सगळ्या स्टुडिओत तू एकटा. मंगळवारी सकाळी आंघोळ करून कॉफी पीत बसलास, मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, आणि दुपारच्या आत सगळं संपलं. त्यात कुणाचा दोष नाही. त्याला काही अर्थही नाही. तुला हुतात्मा करून भिंतीवर टांगलं की तुझ्याशी भांडता येणार नाही, आणि मला तुझ्याशी अजून पुष्कळ भांडायचं आहे.

आपली ओळख आठवते? मेटगळ्ळीत, जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये थाटलेल्या त्या स्टुडिओत आपण एकाच दिवशी रुजू झालो. मी फोनवर अप्पांना सांगत होते, "अप्पा, सुम्ने डोळे फोडून घेऊ नका, संध्याकाळी येऊन काजं मी करते." तू खुर्ची गर्रकन फिरवलीस.

"तुम्ही मराठी? कुठले?"

"सरस्वतीपुरमचे."

"तसं नाही, मूळचे?"

"मूळचेही सरस्वतीपुरमचेच. आम्ही शिंपी. विठोबाची मूर्ती डोक्यावर घेऊन कोण कधी इकडे आलं, आता घरात कुणाला ठाऊक नाही."

"आम्ही नजरबादचे. आमचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात होते," तू छाती काढून म्हणालास.

"मग घोडा कुठे बांधलात?"

तू इतका हसलास की पलीकडची माणसं उठून बघायला लागली. तिथपासून आपण मराठीत भांडायला लागलो. आपली मराठी ती काय, निम्मी कन्नड. पण त्या शेडमध्ये ती फक्त आपल्या दोघांना कळायची, म्हणून भांडायला सोयीची होती. शब्द सापडला नाही की तू कन्नडात जायचास, आणि मुद्दा सापडला नाही की इंग्रजीत. तू इंग्रजीत शिरलास की मी मनात म्हणायचे, पट्ठ्या हरला.

भांडण तसं एकच होतं, दहा वर्षं चाललेलं. परदेशातल्या एका कंपनीच्या अवाढव्य गेमसाठी आपण जग बांधत होतो. एक अख्खा खंड: डोंगर, नद्या, शेकडो गावं, त्या गावांतली घरं, घरांतली भांडी. ते सगळं नीट चालतं की नाही हे तपासणाऱ्यांची मी प्रमुख. खेळणारा जमिनीतून खाली पडत नाही ना, दार उघडतं ना, हे बघणं माझं काम. तू डिझायनर. खेळणाऱ्याने त्या जगात करायचं काय, हे ठरवणं तुझं काम.

पश्चिमेकडचं जंगल तयार झालं तेव्हाची गोष्ट. पाच दिवस मी एकटी त्या जंगलातून चालत होते, इंच न् इंच. सहाव्या दिवशी कँटीनमध्ये बिसिबेळेबात खाताना तू विचारलंस, "काय झालं जंगलात?"

"काही नाही झालं," मी अभिमानाने म्हणाले. "पाच दिवसांत एकदाही कुठे अडकले नाही."

"नोडु, बघ!" तू चमचा खाली ठेवलास. "पाच दिवस माणूस जंगलात चालतो आणि त्याला काही होत नाही. शालू, हे तू यश म्हणून सांगतेयस?"

माझ्यासाठी ते यशच होतं रे. तेव्हाही होतं, आजही आहे. तीनशे माणसांनी झाडं काढली, पानांवर ऊन पाडलं, आणि एकही झाड हवेत तरंगत नव्हतं. ते तुला कधी दिसलंच नाही. तू म्हणायचास, मोठं करणं म्हणजे तेच ते वाढवत नेणं. ज्यांच्याकडे नवं सांगायला नसतं, ते नकाशा वाढवतात. एकदा तू बोलता बोलता म्हणालास, "तुझे अप्पा शाळेचे युनिफॉर्म शिवतात ना, तसं. एकच माप, हजार शर्ट."

तेव्हा मी तुला काय सुनावलं होतं ते परत सांगते, कारण ते मी आजही मागे घेणार नाही. त्या हजार शर्टांवर मी इंजिनिअर झाले. जूनमध्ये पोरं पहिल्या दिवशी शाळेत जातात, तेव्हा त्यातल्या एकाचंही बटण तुटत नाही, याला अप्पांची अक्कल लागते. एक ब्लाउज बेतून शिवणं अवघड आहे, आणि हजार शर्ट एकसारखे शिवणंही अवघड आहे. आणि या शेडमध्ये जी पोरं-पोरी झाडं काढतात, त्यांना बंगळूर न गाठता आपल्या गावात राहून कलेचं काम मिळालं, ते तुझ्या नव्या कल्पनेने नाही, त्या अवाढव्य खंडाने दिलं.

मग म्हणालास, "अप्पांबद्दल चुकलो. जंगलाबद्दल नाही."

असाच होतास तू. माफीसुद्धा मापात बेतलेली.

मग तू 'कुजबूज' बनवलंस. नाव तुझंच. मराठी शब्द सापडल्याचा तुला इतका आनंद झाला होता की आठवडाभर येता-जाता म्हणत होतास. एकच गल्ली, तिच्यात सहा माणसं: लोहार, विणकरीण, पुजारी, खानावळवाला, पाणी भरणारी बाई आणि नदीवरचा नावाडी. खेळणाऱ्याने यांच्यापैकी कुणाशीही बोलायचं, दुसऱ्या कुणाबद्दल काहीतरी सांगायचं. चांगलं, वाईट, खरं, खोटं, काहीही. आणि ती गोष्ट मग गल्लीत आपली आपण फिरायची. या कानातून त्या कानात जाताना थोडी बदलायची. प्रत्येक माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे तिच्यात भर घालायचा किंवा तिच्यातून काही गाळायचा. तलवार नाही, खजिना नाही, गुण नाहीत.

सगळ्यांत आधी तू मला खेळायला बसवलंस. मी पाणी भरणाऱ्या बाईला सांगितलं, लोहाराने खानावळीतून तांब्याचं भांडं चोरलं. सुम्ने, उगीच, काय होतं ते बघायला. नदीपर्यंत जाऊन आले, तोवर नावाडी मला विचारत होता, "लोहाराने किती भांडी चोरली?" गल्लीत परतले तर लोहाराच्या भट्टीतली आग विझलेली, आणि तो दाराशी पाठ करून बसलेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो बोलेना. मी सगळी बटणं दाबून पाहिली.

"हे परत कसं घ्यायचं?" मी तुला विचारलं.

"काय परत घ्यायचं?"

"मी बोलले ते."

"तूच सांग, कसं घेतात."

मी लहानपणापासून गेम खेळत आलेय, यशू. हजारो राक्षस मारले, गावंच्या गावं जाळली, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी एका लोहाराच्या पाठीकडे बघून मला लाज वाटली. खरोखरची, कान तापवणारी. मी ते तुला सांगितलं नाही. म्हणाले, "बरं आहे. आवाज जरा उशिरा येतो." तू मान डोलावलीस आणि वहीत लिहून घेतलंस, 'आवाज उशिरा.' तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगते: मी त्या दिवशी बसने घरी जाताना दोन थांबे पुढे गेले.

तुझ्या कल्पनेचं वाटोळं मोठ्या माणसांच्या नकाराने झालं असं सगळे समजतात. तसं नाही झालं. ते होकाराने झालं. परदेशातल्या कंपनीच्या लोकांना तू कॉलवर 'कुजबूज' दाखवलंस, आणि ते खुर्चीतून पुढे सरकले. म्हणाले, अद्भुत. हे प्रत्येक गावात हवं. राजधानीतही हवं.

तू म्हणालास, "हे सहा माणसांत चालतं. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून चालतं. शहरात चालणार नाही."

त्यांनी विचारलं, कधीपर्यंत होईल?

विनयने तुझ्या वतीने तारीख दिली. पुढचे सात महिने तू त्या राजधानीत तुझी कुजबूज शिरवायला धडपडत होतास. हजार माणसं हजार गोष्टी एकमेकांना सांगायची, आणि दोन तासांत सगळं शहर खेळणाऱ्याचा द्वेष करायला लागायचं. राजाचा प्रधान त्याच्याशी बोलेना, मुख्य कथा तिथेच बंद पडायची. माझी माणसं रोज नव्या तक्रारी नोंदवायची आणि तू रोज त्या सोडवायचास. तू थकला होतास, चिडला होतास. एका दुपारी माझी माणसं सगळी बसलेली असताना तू ओरडलास, "या लोकांना पानं मोजण्यापलीकडे काही येत नाही!"

माझ्या लोकांसमोर, यशू. ज्या पोरी तुझं शहर दिवसातून वीस वेळा चालून बघत होत्या, त्यांच्यासमोर.

पंधरा दिवसांनी विनयने माझ्या विभागाकडून अहवाल मागवला. कुजबूज ठेवायची की काढायची? मी लिहिलं: काढावी. एकच शब्द. मुख्य कथेला धोका आहे, वेळ उरलेला नाही, हे सगळं खरं होतं. पण 'शहरांतून काढावी, एका लहान गावात ठेवावी' असंही लिहिता आलं असतं. ते मला सुचलं होतं. बोटं कळफलकावर होती आणि मी ते लिहिलं नाही. निम्मं कारण तारीख. निम्मं कारण ती पानं.

अहवालावर विभागाचं नाव होतं, माझं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निर्णय आला. तू माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालास, "चल, कॉफी." आपण गेटबाहेरच्या गाड्यावर उभं राहून कॉफी प्यालो. तू तुझ्या आईच्या मोतीबिंदूबद्दल बोललास. नंजनगुडच्या रस्त्यावर कुठे चांगली केळी मिळतात ते सांगितलंस. अहवालाचा विषय काढला नाहीस. तुला ठाऊक होतं का, ते कुणी लिहिलं? मी आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. तीन आठवडे गेले. मग तो मंगळवार आला.

तर ऐक. मी लिहिलं होतं.

आणि आता रडत माफी मागेन असं वाटत असेल, तर तेही नाही. तू पानांबद्दल बोललास ते तुझं चुकलं. मी गाव वाचवलं नाही ते माझं चुकलं. दोन्ही तशीच राहू देत. एकाने दुसरं फिटत नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी नजरबादला तुझ्या घरी गेले. तुझी आई पुढच्या खोलीत एकटीच बसली होती, डोळ्याच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. मला बघून म्हणाली, "बा, शालू. ऊट आयता?" जेवण झालं म्हटलं तरी तिने पुढ्यात चकल्या ठेवल्याच. मग तिने विचारलं, "हो ग, तो करायचा तरी काय तिकडे? मी विचारलं की म्हणायचा, गावं बांधतो. कुणाची गावं, कोण राहतं, काही सांगायचा नाही."

ऑफिसातलं काही बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. माझ्या पिशवीत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर तुझी पहिली, सहा माणसांची गल्ली होती. विसरून राहिलेली नव्हती, मी मुद्दाम घालून आणली होती. ऑफिसातले काय ते बोलणार असतील तर मला बोलतील.

बटणं मी दाबत होते, सांगत ती होती. पडद्यावरचं इंग्रजी मी तिला मराठीत करून द्यायचे. तिने आधी सगळ्यांची चौकशी केली. या बाईचा नवरा कुठे? हा पुजारी एवढा वाळलेला का? मग म्हणाली, "ही विणकरीण आणि तो लोहार एकमेकांकडे बघत नाहीत. काय झालंय त्यांचं?"

"भांडण आहे. तसंच ठेवलंय यशूने."

"तिला सांग, लोहार म्हणत होता, तुझ्यासारखं कापड या मुलुखात कुणी विणत नाही."

"काकू, पण तो तसं म्हणालेला नाही."

"न का म्हणेना! तू हेळु तर तिला."

सांगितलं. मग काकूंच्या सांगण्यावरून नदीवर गेलो, खानावळीत गेलो, पुजाऱ्यापाशी बसलो. परत गल्लीत आलो तेव्हा विणकरणीच्या दारात काहीतरी ठेवलेलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर तिच्या मागाचा मोडलेला लोखंडी भाग, नीट सांधून दिलेला. आणि लोहाराच्या भट्टीपाशी एक घडी केलेलं कापड. दोघंही एकमेकांशी अजून बोलत नव्हते.

मी सुन्न झाले. यशू, हे तिथे आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. एवढे महिने माझ्या माणसांनी तुझी कुजबूज तपासली. प्रत्येकाने लोहाराला चोर ठरवलं, खानावळवाल्याला बाटगा ठरवलं, पाणी भरणाऱ्या बाईवर नको ते आळ घेतले. कोणी चांगली थाप मारून बघितलीच नाही. तपासणाऱ्यांची प्रमुख मी. पानं मोजली म्हणतोस, तीही नीट मोजली नव्हती.

काकू मात्र चकित झाल्या नव्हत्या. चष्म्याखाली पदर घालून डोळे टिपत त्या म्हणाल्या, "माझं आणि माझ्या जावेचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. आमच्या सासूने माझ्याजवळ तिचं, तिच्याजवळ माझं असं खोटं खोटं चांगलं सांगून मिटवलं. सासू गेल्यावर आम्हा दोघींना कळलं, आपण कधी तसं काही म्हणालोच नव्हतो. यशूला मी सांगितलं होतं ग. तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत होता. मला वाटलं, ऐकत नाहीये."

पुढच्या सोमवारी विनयने मला बोलावलं. तुझ्या स्मरणार्थ काहीतरी करायचं ठरलं होतं. राजधानीबाहेरच्या दफनभूमीत हजारो थडगी आहेत, त्यांतल्या एकावर तुझं नाव कोरायचं. शोधणाऱ्याला सापडेल. दगड मी तपासून द्यावा.

"नको," मी म्हणाले.

"शालिनी, कूतको, बस आधी. सगळ्यांना छान वाटलंय."

"त्याच्या घराण्यात कुणाला पुरत नाहीत, विनय. आणि तो दगड शोधून वाचणाऱ्याला काय होणार? काहीच नाही. यशूला त्याचीच चीड होती."

मग मी माझा दुसरा अहवाल त्याच्यापुढे ठेवला. या वेळी वर माझं नाव होतं. त्यात लिहिलं होतं की पहिला अहवाल मी लिहिला, तो अपुरा होता, आणि त्यात अर्धी गोष्ट तपासलेलीच नव्हती. पश्चिमेच्या जंगलापलीकडे नदीकाठी एक रिकामं गाव आहे, मुख्य कथा तिकडे कधी जात नाही. तिथे ही सहा माणसं ठेवा. कथेला धक्का लागला तर मी स्वतः काढीन.

विनयने दोनदा वाचलं. तो वाईट माणूस नाही रे, तू उगीच त्याला नावं ठेवायचास. तीनशे घरांची चूल त्याच्या तारखांवर चालते, ते तो विसरू शकत नाही.

"तिथवर शंभरातला एक माणूस तरी जाईल का?" त्याने विचारलं.

"न जाईना."

"मग सहा माणसांसाठी एवढा हट्ट का?"

"बाकीचं सगळं आपण दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून बांधलंय. हे एवढं आपलं आहे."

तो म्हणाला, शुक्रवारी परदेशातल्या लोकांसमोर तूच मांड. मी मध्ये पडणार नाही.

इथे तुला एक गोष्ट ऐकावी लागेल, आवडो न आवडो. तुझ्या सहा माणसांना राहायला जागा मिळतेय ती त्या मोठ्या खंडामुळे. तुझी गल्ली एकटी बाजारात गेली असती तर चार जाणकारांनी वाखाणली असती आणि संपली असती. आता कुणीतरी माझ्या पाच दिवसांच्या जंगलातून, जिथे काही होत नाही, तिथून चालत येईल. कंटाळलेला असेल. नदीकाठी त्याला धूर दिसेल. तो कुणाला तरी काहीतरी बोलेल. आणि आयुष्यात पहिल्यांदा गेममध्ये त्याला बोलल्याचा पस्तावा होईल. एवढं चालून आल्याशिवाय तो पस्तावा तसा झाला नसता. हे मी तुला हयातीत पटवू शकले नाही. तूही मला पटवलं नव्हतंस की ते चालणं कुठेतरी पोचायला हवं. आता ते मला पटलंय. तू अर्धा जिंकलास. पूर्ण देणार नाही.

शुक्रवारचा कॉल पंचवीस मिनिटं चालला. मी काकूंचा खेळ जसाच्या तसा करून दाखवला. खोटं चांगलं सांगितलं, नदीपर्यंत गेले, परत आले. मागाचा तुकडा दारात आला. मग पलीकडच्या एकाने तेच विचारलं ज्याची मला भीती होती: हे इतर गावांतही करता येईल?

"नाही," मी म्हणाले. "फक्त इथेच."

दुसऱ्याने कागद चाळले. आपल्या कामात प्रत्येक गोष्टीपुढे एका माणसाचं नाव लागतं. ती बिघडली की त्याने उत्तर द्यायचं. या गोष्टीपुढे अजून तुझंच नाव होतं. त्याला ते माहीत नसावं. त्याने सरळ विचारलं, "याची जबाबदारी कुणाची?" विनयने माझ्याकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझी," मी म्हणाले.

"मग ठेवा," तो म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

एवढंच झालं. टाळ्या नाहीत, काही नाही. मी खाली येऊन तपासणीच्या पोरींना सांगितलं, उद्यापासून दोघींनी फक्त चांगलं बोलायचं आणि दोघींनी फक्त वाईट. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, चांगलं कसं बोलायचं ते शिकवा." सगळ्या हसल्या. तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. मी सांगितलंय, बसा, खुर्ची आहे ती. पण नाही बसत.

आज दिवसभर मी त्या गावात होते. चौदा दोष सापडले, यशू, चौदा. खानावळवाला भिंतीतून आरपार जातो. पुजारी एकच वाक्य तीनदा म्हणतो. आणि तुझा नावाडी, त्याला नाव दिलीयस, वल्हं दिलंयस, सगळं दिलंयस, पण दुपार झाली की तो नाव काठाला सोडून पाण्यावरून चालत पलीकडे जातो. सात महिन्यांत हे तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही? माणसांच्या मनात काय चाललंय ते सगळं तुला कळायचं, त्यांचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत, ते बघायला मात्र मीच लागते. उद्या सकाळी पहिलं काम ते.